भूमिगत खाणीशेजारची विहीर: खडकाचे थर कसे ओळखायचे आणि पाण्याची वही कशी ठेवायची

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घूस, वणी, माजरी, नाहीतर नागपूरकडं सावनेर, सिलेवाडा, कामठी, या पट्ट्यात ज्यांचं वावर आहे त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असतं, "खाणीनं पाणी ओढलं". कधी ते शंभर टक्के खरं असतं, कधी विहीर आटायचं कारण धुऱ्यापलीकडच्या नव्या बोअरमध्ये असतं, पण दोन्ही वेळेला कास्तकाराकडं दाखवायला कागद नसतो म्हणून त्याचं कुणी ऐकून घेत नाही. मी भूगर्भशास्त्र शिकलो, काही वर्षं ड्रिलिंगच्या साईटवर कोर, म्हणजे बोअरमधून निघणारे खडकाचे गोल दांडे, बघून थर लिहायचं काम केलं, आणि आमची स्वतःची विहीर कोळशाच्या इन्क्लाइनपासून (खाणीत उतरणारा तिरपा बोगदा) दीड किलोमीटरवर आहे. जे मला दहा वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं ते इथं लिहितोय. ओपनकास्टचं गणित वेगळं, तिथं वरचे सगळे थर कापूनच काढतात, त्यामुळं हे सगळं फक्त भूमिगत खाणीपुरतं.

आधी आपल्या पायाखाली काय आहे ते बघा

दोन विहिरी शंभर मीटरवर, एक भरलेली आणि एक कोरडी, असं का होतं याचं उत्तर थरांत आहे. आपल्या कोळसा पट्ट्यात वरून खाली साधारण असा क्रम लागतो. वर काळी माती, नदीजवळ असाल तर गाळ आणि वाळू. काही भागात त्याखाली ट्रॅप म्हणजे आपला काळा दगड. मग कामठीचा सँडस्टोन म्हणजे वाळूचा दगड, हे नाव आपल्या नागपूरजवळच्या कामठीवरूनच पडलंय. त्याखाली बाराकर, कोळसा यातच असतो. त्याच्या खाली तालचिर, आणि मग एकदम जुना खडक, चंद्रपूरकडं काही ठिकाणी सिमेंट कारखाने ज्यावर चालतात तो चुनखडीचा दगड. सगळीकडं सगळे थर मिळतीलच असं नाही, कुठं कामठी नसतोच आणि मातीखाली थेट बाराकर लागतो, आणि हाच फरक पुढं सगळं ठरवतो.

कारण पाण्याच्या हिशेबात हे थर एकसारखे नाहीत. कामठी म्हणजे भरड, सच्छिद्र, पाण्यानं भरलेलं वाळूचं पोतं समजा, या भागातल्या चांगल्या विहिरी आणि बोअर बहुतेक यातच लागतात. बाराकरमध्ये सँडस्टोन आणि शेल (चिकणमातीचा घट्ट झालेला दगड) आलटून पालटून येतात, म्हणून त्यातलं पाणी एकावर एक ठेवलेल्या डब्यांसारखं वेगवेगळं कोंडलेलं असतं, मधला शेल पाणी सहज सोडत नाही. तालचिरमधून पाण्याची फार आशा करू नका.

हे ओळखायचं कसं? गावात कुणाकडंही बोअरची गाडी आली की तिथं जाऊन बसा. दर दहा फुटाला जो चुरा बाहेर येतो त्याची एक मूठ धुऊन प्लास्टिकच्या पिशवीत भरा आणि मार्करनं खोली लिहा, गाडीवाल्याला सांगितलं तर तो नाही म्हणत नाही. सगळ्या पिशव्या नंतर पोत्यावर ओळीनं मांडा. लालसर, तपकिरी, गंजासारखा रंग आणि हाताला खरखर, तर कामठी. पांढरट राखाडी दाणे आणि बोटाला पिठासारखं पांढरं लागतंय तर बाराकर, ते पीठ म्हणजे त्यातल्या फेल्स्पार या खनिजाची झालेली माती. काळा चकाकणारा हलका तुकडा आला तर कोळसा. हिरवट, सुयांसारखे लांब तुकडे पडणारा शेल आला तर तुम्ही तालचिरमध्ये पोचलात. अजून एक सोपी तपासणी, तुकडा उन्हात चांगला वाळवा आणि वरून पाण्याचा एक थेंब सोडा. कामठीच्या तुकड्यावर थेंब बघता बघता आत जिरतो, शेलच्या तुकड्यावर तो मण्यासारखा बसून राहतो. मला स्वतःला पुस्तकातली पारगम्यता, म्हणजे खडकातून पाणी किती सहज जातं ते, या एका थेंबानं समजली.

विहीर जुनी असेल तर उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असताना टॉर्च मारून बांधकामाच्या खालची भिंत बघा, रंग कुठं बदलतो, पाझर कुठल्या रेषेतून येतोय, ती रेषा काठापासून किती खाली आहे. फोटो काढा. आत उतरू नका, जुन्या विहिरीत हवा खराब असू शकते.

खाण नेमकं काय करते, आणि कधी करते

बहुतेक लोकांना वाटतं खाण सुरू झाली की पाणी जायला लागतं. तसं नसतं, आणि हा मुद्दा नीट समजून घ्या कारण तारखा इथंच जुळतात किंवा जुळत नाहीत.

आपल्याकडच्या भूमिगत खाणी बहुतेक बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या. पहिल्या टप्प्यात, डेव्हलपमेंटमध्ये, कोळशात गल्ल्या काढतात आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब ठेवतात. नियमानं गल्ली साधारण ४.८ मीटरपेक्षा रुंद आणि ३ मीटरपेक्षा उंच करत नाहीत. छत जागेवर असतं, त्यामुळं छताच्या लगेच वरच्या बाराकर सँडस्टोनमधलं पाणी टपकत राहतं, ते उतारानं खालच्या हौदात जमतं आणि पंप खलाशी ते वर फेकतो. या टप्प्यात वरच्या कामठीतल्या तुमच्या विहिरीला बहुतेक वेळा काही होत नाही, मधे शेलचा जाड थर असेल तर नाहीच.

दुसरा टप्पा डिपिलरिंगचा, म्हणजे खांबही काढायचे. खांब काढले की छत मुद्दाम पडू देतात, त्या पडलेल्या जागेला गोफ म्हणतात. आता वरचा खडक हलतो. जगभरच्या मोजमापांवरून वापरला जाणारा ढोबळ ठोकताळा असा की जेवढ्या उंचीचा कोळसा काढला त्याच्या ३ ते १० पट उंचीपर्यंत छत पूर्ण कोसळतं, आणि ३० ते ६० पट उंचीपर्यंत एकमेकांना जोडलेल्या भेगा जातात ज्यातून पाणी खाली येऊ शकतं. त्याच्या वरचा खडक वाकतो, पण भेगा आरपार नसतात.

आता आकडे टाकून बघा. ३ मीटर कोळसा काढला तर भेगा ९० ते १८० मीटर वर जाऊ शकतात. समजा सीम, म्हणजे कोळशाचा थर, १२० मीटर खोल आहे आणि कामठीचा तळ ५० मीटरवर, म्हणजे मधे ७० मीटर खडक. ९० मीटरच्या भेगा सरळ कामठीत शिरल्या, पोत्याला खालून भोक पडलं. तेच सीम २५० मीटर खोल असेल तर मधे २०० मीटर खडक आहे, १८० च्या भेगासुद्धा पोचत नाहीत. म्हणून एकाच खाणीच्या एका टोकाच्या गावाची विहीर आटते आणि दुसऱ्या टोकाच्या गावाची नाही. सीम तिरपं असतं, आपल्याकडं त्या उताराला डिप म्हणतात, डिपच्या बाजूला जाल तसं सीम खोल जातं आणि वरच्या विहिरी त्या मानानं सुरक्षित असतात. (फक्त या ठोकताळ्यावर कुणाशी पैज लावू नका, मधे शेल आणि क्ले जास्त असेल तर भेगा दबून बुजतात, एकसंध कडक सँडस्टोन असेल तर उघड्या राहतात.)

दोन गोष्टी हे गणित पार बदलतात. एक म्हणजे फॉल्ट. खडक तुटून वरखाली सरकलेला असेल तर ती भेग म्हणजे पाण्याला आयता जिना, मग पन्नास मीटर शेल मधे असला तरी उपयोग नाही. गावात एका सरळ रेषेत विहिरींना अचानक भरपूर पाणी किंवा अचानक ठणठणाट असेल तर फॉल्टची शंका घ्या आणि नकाशात तो आहे का ते तपासा. दुसरी गोष्ट सँड स्टोइंग, म्हणजे काढलेल्या जागेत नदीची वाळू पाण्याबरोबर भरतात. तसं केलं तर छत कमी बसतं आणि भेगाही कमी वर जातात, त्यामुळं तुमच्या खाली स्टोइंग होणार की केव्हिंग (छत पडू देणं), हा प्रश्न विचारायलाच पाहिजे.

जमिनीवर परिणाम पॅनेलच्या (एकदम काढायला घेतलेला खाणीचा तुकडा) हद्दीत थांबत नाही, थोडा बाहेर पसरतो. किती, ते पॅनेलच्या कडेपासून वर उभ्या रेषेशी होणाऱ्या कोनावर ठरतं. खोली १५० मीटर आणि हा कोन ३५ अंश धरला तर हद्दीपासून साधारण १०५ मीटर बाहेरपर्यंत जमीन बसू शकते, कोन २५ अंश धरला तर ७० मीटर. वावरात धनुष्यासारखी वाकडी भेग, बांधाला तडा, बोडीतलं पाणी दोन दिवसांत गायब, ही त्याची लक्षणं. असं दिसलं तर भेगेजवळ गुरं बांधू नका, मुलांना जाऊ देऊ नका, फोटोत माप दिसेल अशी काठी ठेवून फोटो घ्या आणि त्याच दिवशी ग्रामपंचायतीला लेखी द्या. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घूसच्या अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं, खाली जुनी भूमिगत खाण असलेला तो भाग. जुन्या खाणीचं छत कित्येक वर्षांनी बसू शकतं आणि पावसाळ्यात पाणी मुरून खडक जड झाला की जास्तच.

वही

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे. डिपिलरिंग सुरू व्हायच्या आधीची दोन वर्षं तरी मोजमाप हातात पाहिजे. नंतर केलेलं मोजमाप "आधीपासून असंच असेल" या एका वाक्यात उडवलं जातं. आमच्या बाबतीत तेच झालं, विहीर खाली गेली तेव्हा पूर्वी पाणी किती होतं याचा पुरावा म्हणजे आजोबांची आठवण, "मे मध्ये पण चार पायऱ्या बुडालेल्या असायच्या". आठवण खरी होती. कुणी लिहून घेतली नाही.

शिलाई केलेली मोठी वही घ्या, सुट्टे कागद नको. विहिरीच्या कठड्यावर एका जागी लाल ऑइलपेंटनं खूण करा आणि कठडा जमिनीपासून किती उंच आहे ते पहिल्या पानावर लिहा. दरवेळी त्याच खुणेपासून मोजायचं. टेपच्या टोकाला मोठा नट बांधा, शेवटच्या मीटरला खडू घासा, टेप पाण्यात थोडा बुडवा, खूण जिथं आहे तो आकडा वाचा आणि त्यातून खडू ओला झालेला भाग वजा करा. वेळ पहाटेची, मोटर सुरू करायच्या आधी, म्हणजे विहिरीला रात्रभर आराम मिळालेला असतो. मोटर चालू असताना घेतलेलं माप काही कामाचं नाही.

माझ्या वहीतली एक ओळ अशी असते: "१५ मे, स. ५.४५, खुणेपासून ९ मी. ४० सेंमी, काल मोटर ३ तास, पाऊस नाही, शेजारच्या संत्र्याच्या बोअरला काल दिवसभर लाईन होती." ही शेवटची नोंद बिनमहत्त्वाची वाटते पण तीच पुढं कामी येते. एका उन्हाळ्यात आमचं पाणी आठ दिवसांत सव्वा मीटर उतरलं, गावात सगळे खाणीचं नाव घेत होते, वही काढून बघितली तर उतार बरोबर त्या बोअरची लाईन वाढली त्या दिवसापासून होता आणि लाईन गेली की पाणी परत चढत होतं. खाणीचं पाणी असं परत येत नाही. हे मी गावात सांगितलं तेव्हा काही लोकांना आवडलं नाही, पण नंतर खरोखर डिपिलरिंगमुळं तीन विहिरी गेल्या तेव्हा त्याच वहीवर साहेब लोकांनी विश्वास ठेवला.

पंधरा दिवसांतून एकदा पुरे. त्याशिवाय जानेवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर या चार महिन्यांत न चुकता, कारण बऱ्याच कोळसा खाणींच्या पर्यावरण मंजुरीत पाण्याची पातळी याच चार वेळा मोजायची अट असते, मग तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. पावसासाठी तुमच्या महसूल मंडळाच्या महावेध हवामान केंद्राचा आकडा लिहा. बोअर असेल तर मोटरच्या पाइपाशेजारी पाऊण इंची पाइप सोडून त्यातून टेप सोडा, नुसता टेप केबलमध्ये अडकला तर मोटर काढायची पाळी येते.

आणि एक दुसरी विहीर लागेल. खाणीपासून तीन चार किलोमीटर लांबची, पण खडक तोच, पाऊस तोच, पिकंही तशीच. पाहुण्यांची असेल तर उत्तम. दोन्ही विहिरी बरोबर उतरल्या तर पाऊस कमी किंवा उपसा जास्त. लांबची सप्टेंबरात भरली आणि तुमची चांगला पाऊस होऊनही भरलीच नाही, तर मग खाणीच्या पॅनेलची तारीख बघायची वेळ आली.

वर्षातून दोनदा विहीर भरायचा वेगही बघा. तासभर मोटर चालवा, बंद करा, मग दर दहा मिनिटांनी पातळी लिहा. खालून गळती सुरू झाली असेल तर पातळी उतरायच्या आधी कधी कधी हा वेग आधी मंदावतो.

पाण्याची चव बदलली तर

साधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर घ्या आणि महिन्याला एक आकडा लिहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगला, दुसरा सोर्स नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. सल्फेट २०० आणि ४००, हार्डनेस २०० आणि ६००, फ्लोराइड १ आणि १.५, सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर, पीएच ६.५ ते ८.५. मीटर एकदम चढला तर नमुना लॅबला द्या आणि सल्फेट आवर्जून मागा. कोळशात आणि शेलमध्ये लोखंड-गंधकाचं पायराइट असतं, हवा लागली की त्यातून आम्ल आणि सल्फेट सुटतं, म्हणून खाणीच्या पाण्याची खूण सल्फेटमध्ये सापडते. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक बहुतेक १ टक्क्याच्या आत असतं, मेघालय आसामच्या कोळशात कितीतरी जास्त, त्यामुळं तिकडच्या लालभडक आंबट नाल्यांचे फोटो बघून घाबरू नका, आपल्याकडं जास्त वेळा पाणी नुसतं जड होतं. फ्लोराइड निघालं तर मात्र लगेच खाणीवर ढकलू नका, चंद्रपूर जिल्ह्यात बऱ्याच गावांत ते मुळात खडकातूनच येतं.

खाणीतून उपसलेलं पाणी नाल्यात सोडून दिलेलं दिसतं तेव्हा जीव तुटतो, कारण ते पाणी वाया घालवायचं नाही. पाटणसावंगीला खाणीचंच पाणी शुद्ध करून "कोल नीर" म्हणून बाटलीत विकायला काढलं, म्हणजे हे होऊ शकतं. गावतळ्यात किंवा ओलितासाठी ते पाणी मागा, फक्त आधी रिपोर्ट बघा आणि कोळशाची भुकटी बसायला मधे हौद करून घ्या.

कागद कुठले मागायचे

खाणीचं पर्यावरण मंजुरीचं पत्र आणि दर सहा महिन्यांचा अनुपालन अहवाल, हे दोन आधी मिळवा, पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर बघा, नाही मिळालं तर माहिती अधिकारात अर्ज करा. मंजुरीच्या पत्रात "खाणीच्या उपशामुळं गावच्या विहिरी आटल्या तर कंपनीनं पाणी पुरवावं" अशा अर्थाची अट बऱ्याच कोळसा खाणींना घातलेली असते, तुमच्या पत्रात ती कितव्या नंबरला आहे ते शोधा आणि अर्जात तो नंबर टाका. निरीक्षण विहिरींची यादी मागा, त्यात तुमच्या गावची एकही विहीर नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून एक घालायला लावा. आणि पॅनेलनिहाय डिपिलरिंगच्या तारखा मागा. नुसतं "माहिती द्यावी" लिहिलं तर नुसतंच उत्तर येतं.

नवीन खाण किंवा विस्तार असेल तर जनसुनावणीच्या आधी किमान ३० दिवस नोटीस येते आणि अहवालाचा मराठी सारांश ठेवलेला असतो. पण सारांशावर थांबू नका, मूळ अहवालातला भूजलाचा भाग उघडा. तिथं "प्रभाव त्रिज्या" म्हणून एक आकडा असतो, तो बऱ्याचदा सिचार्टच्या सूत्रानं काढलेला असतो: ३००० गुणिले पाणी किती मीटर उतरणार, गुणिले खडकाच्या पारगम्यतेचं वर्गमूळ. पाणी ५० मीटर उतरणार आणि पारगम्यता सेकंदाला ०.०००००१ मीटर धरली तर त्रिज्या १५० मीटर येते. पारगम्यता दहापट, ०.००००१ धरली, तर तीच त्रिज्या साधारण ४७४ मीटर. बाराकरमधला शेल धरला की कामठी, एवढ्यावर तुमचं गाव त्रिज्येच्या आत पडतं की बाहेर ते ठरतं. म्हणून सुनावणीत उभं राहून एकच विचारा, हा पारगम्यतेचा आकडा कुठल्या बोअरमध्ये, कुठल्या थरात, पंप टेस्ट करून काढलाय का. सूत्र सगळीकडं खडक एकसारखा आहे असं धरून चालतं, फॉल्ट असेल तर ते चालत नाही, हेही तिथंच नोंदवून घ्या.

जिल्ह्याला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं ऑफिस असतं, तिथं वरिष्ठ भूवैज्ञानिकांना वही आणि चुऱ्याच्या पिशव्या घेऊन भेटा. त्यांच्याकडं ठरवलेल्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी असतात, तुमच्या जवळची कुठली ते विचारा आणि तिच्या नोंदींची प्रत मागा.

एक गोष्ट खाणीत काम करणाऱ्या आपल्याच पोरांसाठी. जुन्या बंद खाणींचे पंप थांबले की त्या पाण्यानं भरतात, आणि शेजारच्या चालू खाणीचा फेस, म्हणजे कोळसा कापायची पुढची बाजू, अशा पाण्याजवळ गेला तर काय होतं ते २७ डिसेंबर १९७५ ला झारखंडच्या चासनाल्यात दिसलं, ३७५ माणसं गेली. म्हणूनच पाणी भरलेल्या जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत जायचं तर परवानगी आणि पुढं बोअर मारून तपासणी लागते. पण नकाशेच जुने आणि अर्धवट असतील तर ६० मीटर मोजणार कुठून? गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, पूर्वी कुठं इन्क्लाइनचं तोंड होतं, कुठं चानक (खाणीत जाणारी उभी विहीर) बुजवली, कुठल्या वावरात खड्डा पडतो आणि दरवर्षी भरावा लागतो. त्या जागांवर जाऊन मोबाईलवर लोकेशन घ्या, वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढा आणि त्याची एक प्रत खाणीच्या मॅनेजरला पोच घेऊन द्या. आमच्याकडं एका आजीनं दाखवलेली अशी एक जागा कुठल्याच नकाशात नव्हती, आता आहे.